शूर बापड्यांचे मंडळ

दानधर्माचा इतिहास चाळू लागले म्हणजे तो बहुतांशी इमारतींचाच इतिहास असल्याचे आढळून येते. अमक्या शेटजींनी रुग्णालय बांधून दिले, तमक्या संस्थानिकांनी अनाथगृहाची कोनशिला बसविली, अशी ती नामावळी असते; आणि तीत वावगे असे काही नाही. इमारत उभी राहते, तिच्यावर नाव कोरता येते, आणि नातवंडांस बोट दाखवून ती दाखविता येते. परंतु जे दान दर आठवड्यास नव्याने करावे लागते आणि केल्याच्या दुसऱ्या दिवशी नाहीसे होते, त्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. चालता न येणाऱ्या मुलास घरून उचलून आणण्याचे गाडीभाडे, ती मुले जेथे जमतात त्या खोलीचे भाडे, हिवाळ्यात तेथे पेटवावयाचा कोळसा, चहा आणि पाव, हे खर्च अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘किरकोळ’ या सदराखाली जाऊन बसतात. अपंग मुलांच्या बाबतीत या किरकोळ सदराचे महत्त्व कोनशिलांहून मुळीच कमी नव्हते, असे आमचे मत झाले आहे; आणि ते का झाले हे सांगण्याकरिता इंग्लंडातील एका मंडळाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहराच्या दक्षिण भागात, थेम्स नदीच्या काठी, बर्मंडसी नावाची वस्ती होती. कातडी कमावण्याचे कारखाने, मुरंब्याचे कारखाने आणि गोदीची हमाली यांवर तेथील लोकांचा उदरनिर्वाह चाले. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, सूर्यप्रकाशाची वानवा आणि दूध बहुधा निकृष्ट. मग हाडांचा व सांध्यांचा क्षय आणि मुडदूस ही दोन दुखणी घरोघर असावयाची. त्यांत कारखान्यांतील व रस्त्यांवरील अपघातांची आणि पोलिओची भर पडे. अशी मुले किती होती हे तोपर्यंत कोणी मोजलेच नव्हते. १८७० च्या कायद्याने सरकारी देखरेखीखालील प्राथमिक शाळा निघाल्या आणि १८८० साली शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा हजेरी तपासणारे अधिकारी जिने चढून वर जाऊ लागले, आणि वरच्या मजल्यावर खिडकीपाशी वर्षानुवर्षे पडून असलेली मुले प्रथमच सरकारच्या दृष्टीस पडली. सक्तीच्या कायद्याचा हा एक अनपेक्षित लाभच म्हणावयाचा. आंधळ्या व बहिऱ्या मुलांकरिता १८९३ साली वेगळा कायदा झाला. लुळ्यापांगळ्या मुलांची पाळी १८९९ साली आली, आणि तीही सक्तीची नव्हे. स्थानिक मंडळास वाटल्यास त्याने शाळा काढावी, एवढाच त्या कायद्याचा अर्थ होता.

अशा त्या काळात ग्रेस हॅनम नावाची एक तरुणी मेथडिस्ट पंथाच्या सेविकासंघात दाखल झाली. तिचा जन्म १८७० सालचा, ससेक्स परगण्यातील लुइस गावचा. लंडनमधील लोक तिला ‘सिस्टर ग्रेस’ म्हणत. १८९४ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने अपंगांचे एक मंडळ काढले, आणि पुढे ते बर्मंडसी सेटलमेंटमध्ये भरू लागले. ‘सेटलमेंट’ म्हणजे सुशिक्षित लोकांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन राहावे आणि तेथूनच सेवा करावी, या कल्पनेवर चालविलेले गृह. बर्मंडसीचे सेटलमेंट स्कॉट लिजेट या धर्मोपदेशकाने त्यापूर्वी थोड्याच वर्षांमागे स्थापिले होते.

मंडळाला तिने जे नाव दिले ते मोठे चमत्कारिक होते: ‘गिल्ड ऑफ द ब्रेव्ह पुअर थिंग्ज’. मराठीत आम्ही त्यास ‘शूर बापड्यांचे मंडळ’ म्हणू. ‘पुअर थिंग’ या शब्दांत कीव व जवळीक यांचे जे मिश्रण आहे, ते आमच्या ‘बापडा’ या शब्दात जवळजवळ जसेच्या तसे उतरले आहे. बापडा म्हटला की तो आपला होतो, आणि त्याच क्षणी तो आपल्याहून खालीही जातो. हे नाव ज्युलियाना ईविंग या बाईंच्या ‘द स्टोरी ऑफ अ शॉर्ट लाइफ’ या कथेवरून घेतले होते. ती कथा पुस्तकरूपाने १८८५ साली निघाली. सैनिक व्हावयाची इच्छा असलेला एक श्रीमंत घरचा मुलगा अपघाताने पंगू होतो, आणि आपल्यासारख्याच दुर्दैवी परंतु धीराच्या माणसांची एक वही तयार करतो, असे तिचे कथानक आहे. त्या मुलाच्या घराण्याचे लॅटिन ब्रीद, ‘लेटुस सॉर्ते मेआ’, म्हणजे ‘माझ्या वाट्यास आले त्यात मी आनंदी आहे’, हेच या मंडळाने आपले ब्रीद केले. या ब्रीदाकडे आम्हांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

मंडळात नेमके काय चाले? आठवड्यातून एकदा सभासद जमत. गाणी म्हणत, कोणी गोष्ट वाचून दाखवी, हातकामाचा वर्ग चाले, चहा होई, उन्हाळ्यात सहल निघे. एवढेच. औषधोपचार हा मंडळाचा मुख्य हेतू नव्हता, आणि भिक्षा तर नव्हतीच. सभासद म्हणून ज्याचे नाव वहीत चढले तो मंडळाचा घटक झाला, याचक नव्हे, असा चालकांचा आग्रह असे. त्या काळच्या लंडनमध्ये दानाची शिस्त लावणारी ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ ही संस्था १८६९ पासून मोठ्या दबदब्याने वावरत होती. फुकटच्या मदतीने गरीब माणूस आळशी होतो, हा तिचा सिद्धांत. त्या कडक मास्तरणीच्या डोळ्यांदेखत गाणी, गोष्टी व सहली यांवर पैसा खर्च करावयाचा, म्हणजे धाडसच होते. कुणाचे पोट भरत नाही, कुणाचे हाड सांधत नाही, मग या खर्चाचे फळ ते काय, असा प्रश्न वर्गणीदारांच्या मनात येणारच.

त्याचे उत्तर आकड्यांत देता येण्याजोगे नव्हते. परंतु ज्याने एखादे मूल महिनोन्‌महिने एकाच खोलीत पडलेले पाहिले आहे, त्यास ते सांगावयास नको. दुखण्यापेक्षा एकटेपणाने मूल अधिक खंगते. आपल्यासारखीच आणखी चाळीस मुले गावात आहेत, त्यांतील एकाला आपल्यापेक्षा चांगली शीळ घालता येते आणि एकाला आपल्याइतकेही चालता येत नाही, ही गोष्ट कळण्याकरिता घराबाहेर पडावे लागते. आणि घराबाहेर पडण्याकरिता गाडी लागते, अगर उचलून नेणारा माणूस लागतो. सर्व घोडे अडते ते येथे.

याच सुमारास लंडनमध्ये अपंग मुलांकरिता दुसऱ्याही वाटांनी पैसा जमत होता. त्यांतील सर्वांत लोकप्रिय वाट नाताळच्या करंड्यांची. खाऊ व खेळणी भरलेले करंडे नाताळात शेकडो अपंग मुलांच्या घरी पाठविण्याची प्रथा पडली होती, आणि विल्यम ट्रेलोर हे गृहस्थ तीत पुढारी होते. पुढे १९०६ साली तेच लंडनचे लॉर्ड मेयर झाले. त्या अधिकाराच्या जोरावर त्यांनी मोठा निधी उभारला आणि १९०८ साली आल्टन या गावी क्षयी हाडांच्या मुलांकरिता रुग्णालय उघडले. ट्रेलोर यांच्या कामाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. त्या रुग्णालयाने पुष्कळ मुलांस पायांवर उभे केले. तथापि करंडा वर्षातून एकदा येतो. देणाऱ्याला तो भरताना आनंद होतो, वर्तमानपत्राला त्याचे वर्णन छापता येते, आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मूल पुन्हा खिडकीपाशी असते. आमच्याकडेही अधिक मासात दान द्यावे आणि इतर महिन्यांत त्या दाराकडे फिरकू नये, असा प्रकार अगदीच अपरिचित नाही.

गाडीचे महत्त्व ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत कादंबरीकर्त्री मेरी वॉर्ड यांचे नाव घेतले पाहिजे. स्वतःच्या नावाऐवजी त्या ‘मिसेस हंफ्री वॉर्ड’ या नवऱ्याच्या नावाने लिहीत, आणि स्त्रियांना मताधिकार देऊ नये म्हणून हिरिरीने भांडत. परंतु मुलांच्या बाबतीत त्यांची दृष्टी आपल्या काळाच्या पुढे होती. ब्लूम्सबरी भागात पासमोर एडवर्ड्झ नावाच्या पत्रमालकाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या सेटलमेंटमध्ये त्यांनी १८९९ साली अपंग मुलांची दिवसाची शाळा काढली. तिची व्यवस्था लक्षात ठेवण्यासारखी आहे. लंडन स्कूल बोर्डाने शिक्षिका व बाके द्यावी. जागा, परिचारिका आणि मुलांना घरून आणून परत पोचविणारी गाडी यांची सोय सेटलमेंटने वर्गणीतून करावी. शिक्षकाचा पगार देणे सरकारला समजत होते. पण जिन्याच्या वरच्या टोकापासून शाळेच्या दारापर्यंतचे अंतर हाही शिक्षणाचाच खर्च आहे, हे सरकारला समजावयास अवकाश होता, आणि तोवर तो खर्च चार सुखवस्तू घरांतील बायकांनी उचलला. पुढे बोर्डाने व त्यानंतर आलेल्या काउंटी कौन्सिलने अशा शाळा स्वतःच चालविल्या. खासगी दानाने आधी करून दाखवावे आणि सार्वजनिक पैशाने ते मागाहून स्वीकारावे, हा क्रम इंग्लंडात वारंवार दिसतो. त्यात दानाची एक उत्तम कामगिरी आहे असे आम्ही मानतो.

दुसरे उदाहरण ॲग्नेस हंट यांचे. या बाई लहानपणापासूनच कंबरेच्या सांध्याच्या विकाराने पंगू होत्या आणि तशाच स्थितीत त्या परिचारिका झाल्या. १९०० साली श्रॉपशर परगण्यातील बास्चर्च या खेड्यात त्यांनी एका घरात मुलांचे आरोग्यधाम काढले. लिव्हरपूलचे प्रसिद्ध अस्थिवैद्य रॉबर्ट जोन्स तेथे येऊन शस्त्रक्रिया करू लागले. मुले उघड्या पडवीत मोकळ्या हवेत झोपत. परंतु बरे होऊन घरी गेलेले मूल काही महिन्यांनी पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत परत येते, असे हंटबाईंच्या नजरेस आले. पायाला बांधलेली पट्टी सैल झाली की ती आवळावयास खेड्यात कोणी नसे, आणि पन्नास मैलांवरून मुलास परत आणावयास आईजवळ भाडे नसे. यावर त्यांनी जो उपाय काढला त्यात एकही नवी इमारत नव्हती. आसपासच्या गावांतून ठरलेल्या दिवशी भरणारी छोटी उपचारकेंद्रे त्यांनी उघडली. जागा उसनी, चालविणारी समिती त्याच गावच्या बायकांची, आणि रुग्णालयातील परिचारिका तेवढी प्रवास करून तेथे जावयाची. मुलाने रुग्णालयाकडे जाण्याऐवजी रुग्णालयाने मुलाकडे यावे, ही ती युक्ती. हंटबाई स्वतः कुबडी घेऊन चालत, आणि म्हणूनच पैसा कोठे खर्च करावा हे त्यांस बिनचूक कळले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता त्या ब्रीदाकडे वळू. ‘माझ्या वाट्यास आले त्यात मी आनंदी आहे’, हे वाक्य एखाद्या साधूने स्वतःविषयी म्हटले तर ते शोभते. आमच्या संतवाणीतही समाधानाचा उपदेश पदोपदी आढळतो. पण तेच वाक्य दहा वर्षांच्या पंगू मुलाच्या तोंडी घालावयाचे आणि समोर वर्गणीदारांस बसवावयाचे, म्हणजे त्याचा अर्थच पालटतो. त्यात मुलास धीर देणे आहे यात शंका नाही. परंतु त्याचबरोबर देणाऱ्यास एक अभयही आहे: हे मूल तक्रार करणार नाही, ते हसत राहील, तुमच्या पैशाचे चीज झाले असे तुम्हांस वाटत राहील. रडवेले, चिडके, कृतघ्न मूल वर्गणी आणीत नाही. तेव्हा मंडळाने मुलाकडून भिक्षेच्या मोबदल्यात नव्हे तरी स्नेहाच्या मोबदल्यात प्रसन्न चेहऱ्याचे देणे घेतलेच. सिस्टर ग्रेस यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. त्यांच्या मंडळात आलेल्या मुलांस घरच्या खिडकीपेक्षा तेथे खचितच अधिक आनंद मिळत असला पाहिजे. पण आनंद मिळणे आणि आनंदी असण्याचे व्रत घ्यावे लागणे, यांत अंतर आहे.

या देवघेवीचे एक विलक्षण रूप लंडनच्या रस्त्यांवर पाहावयास मिळे. जॉन ग्रूम नावाच्या धार्मिक वृत्तीच्या कारागिराने १८६६ साली रस्त्यावर फुले व पाणभाजी विकणाऱ्या मुलींकरिता एक मिशन काढले होते. त्यांतील पुष्कळ मुली आंधळ्या वा पंगू असत. त्यांस कागदाची व कापडाची फुले करावयास शिकवून त्यांच्या मजुरीवर त्यांचे वसतिगृह बरेचसे चालविले जाई. १९१२ साली राणी अलेक्झांड्रा हिच्या नावे पहिला ‘गुलाबदिन’ झाला, तेव्हा रस्तोरस्ती विकलेले ते गुलाब या मुलींनी केलेले होते, आणि जमलेला पैसा लंडनच्या रुग्णालयांस गेला. म्हणजे ज्यांना जग दयेचे विषय समजत होते, त्यांच्याच बोटांनी केलेल्या फुलांवर दयेचा सर्वांत मोठा बाजार भरला. कोटाला गुलाब टोचून जाणाऱ्या सभ्य गृहस्थांपैकी किती जणांच्या हे ध्यानात आले असेल?

मंडळाची शाखा ब्रिस्टल शहरात १८९६ साली ॲडा व्हेचेल या बाईंनी काढली, आणि आमच्या मते या चळवळीचे उत्तम रूप तेथेच दिसले. व्हेचेलबाईंनी सारे आयुष्य त्यास वाहिले. ब्रिस्टलच्या शाखेने दोन गोष्टी करून दाखविल्या. एक म्हणजे खेड्यातील मोकळ्या हवेत सभासदांस सुटीकरिता नेण्याची सोय. आणि दुसरी, १९१३ साली ब्रॅग्ज लेन या रस्त्यावर बांधलेली मंडळाची स्वतःची वास्तू. इमारतींविषयी आम्ही आरंभी जे लिहिले त्यास ही वास्तू अपवाद आहे. कारण ती अपंगांस ठेवण्याकरिता नव्हती, त्यांनी संध्याकाळी जमावे आणि घरी परत जावे याकरिता होती. अपंगांच्या सोयीचा विचार करूनच आखलेल्या पहिल्या सभागृहांत तिची गणना होते. व्हेचेलबाई १९२३ साली वारल्या. मंडळ त्यांच्यामागेही अनेक दशके चालले.

परंतु ज्या १९१३ साली ब्रिस्टलला हे दार उघडले, त्याच साली ब्रिटिश पार्लमेंटाने मतिमंद मानलेल्या माणसांविषयी जो कायदा केला त्याने दुसरे एक दार बंद केले. त्या कायद्यान्वये अशी माणसे, तरुण मुलेमुलीसुद्धा, शहराबाहेरच्या वसाहतींत अनिश्चित काळ ठेवून घेण्याची सोय झाली. पांगळ्या मुलाच्या वाट्यास ‘शूर’ हे विशेषण आले. मंदबुद्धी मुलाच्या वाट्यास ते आले नाही. हसऱ्या चेहऱ्याने, कुबडी उंचावून गाणे म्हणणारा मुलगा चित्रात शोभतो. दयेची ही निवड डोळ्यांनी होत असते, आणि जे डोळ्यांना रुचत नाही ते तिच्या यादीत फार उशिरा चढते.

सिस्टर ग्रेस यांनी मध्यंतरी चार्ल्स किमिन्स या शिक्षणखात्यातील विद्वान अधिकाऱ्याशी विवाह केला होता. १९०३ साली त्यांनी ससेक्समधील चेली येथे एका जुन्या, ओसाड वर्कहाऊसच्या इमारतीत सात पंगू मुलगे आणून हस्तव्यवसायाची शाळा सुरू केली. १९०८ साली मुलींची शाळा निघाली. सुतारकाम, चामड्याचे काम, खेळणी करणे असे धंदे तेथे शिकवीत. ही संस्था लवकरच थोरामोठ्यांच्या आश्रयाने भरभराटीस आली. हकीकत मोठी आहे, पण त्यातील एकच प्रसंग येथे सांगतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, जखमी सैनिक चेलीस येऊ लागले. मुलांनी आपली जागा त्यांस दिली. आणि मग असे दृश्य दिसू लागले की, एक पाय नसलेला दहा-बारा वर्षांचा पोर नुकताच पाय गमावलेल्या धिप्पाड शिपायास कुबडीवर तोल कसा सावरावा आणि रंधा कसा धरावा हे शिकवीत आहे. वर्षानुवर्षे ज्यास घ्यावयास शिकविले होते, तो येथे देणारा झाला. चेलीच्या साऱ्या अहवालांत आम्हांस याहून मोलाची गोष्ट दिसत नाही. मात्र युद्ध संपल्यावर शिपायास सरकारकडून पेन्शन हक्काने मिळाले. पोराला पूर्वीप्रमाणेच वर्गणीदारांची वाट पाहावी लागली. पाय दोघांचाही गेलेला होता.

यानंतर साधने पालटली, रीत तीच राहिली. १९२७ च्या नाताळच्या दिवशी बी. बी. सी. ने आकाशवाणीवरून मुलांच्या संस्थांसाठी पाच मिनिटांचे आवाहन केले आणि १,१४३ पौंड व वर काही शिलिंग जमले. ते चार संस्थांत वाटले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४४ चा शिक्षणाचा कायदा आणि १९४८ ची राष्ट्रीय आरोग्यसेवा आली. चेलीसारखी रुग्णालये सरकारच्या ताब्यात गेली, आणि आता दानधर्माचे काम संपले असे पुष्कळांस वाटले. पण रुग्णालय व शाळा यांचा भार सरकारने उचलला तरी संध्याकाळ कोणी उचलली नव्हती. शाळा सुटल्यावर चाकाच्या खुर्चीतील मुलाने कोठे जावे, कोणाबरोबर पोहावे, सुटीत कोणत्या गावी जावे, हे प्रश्न बर्मंडसीच्या वेळी होते तसेच राहिले.

१९७० साली आल्फ मॉरिस या सभासदाच्या खटपटीने पार्लमेंटात जो कायदा मंजूर झाला, त्याचे दुसरे कलम वाचताना आम्हांस शूर बापड्यांच्या मंडळाचा जमाखर्चच कायद्याच्या भाषेत उतरल्यासारखा वाटला. अपंग व्यक्तीस गरज असेल तर घराबाहेरील व्याख्याने, खेळ, सहली, सुटीतील मुक्काम आणि तेथवर जाण्यायेण्याची सोय यांची तजवीज स्थानिक कौन्सिलने करावी, असे ते कलम सांगते. कर्तव्य कायद्यात चढले खरे. परंतु कौन्सिलची तिजोरी त्या प्रमाणात भरली नाही, आणि वर्गण्या चालूच राहिल्या. १९८० साली बी. बी. सी. ने ते जुने नाताळचे आवाहन दूरचित्रवाणीवर संध्याकाळभर चालणाऱ्या कार्यक्रमाच्या रूपात आणले, आणि त्या पहिल्याच वर्षी सुमारे दहा लाख पौंड जमले. त्या निधीतून गावोगावच्या लहान लहान संस्थांस, खेळाच्या गटांस आणि सुटीतील उपक्रमांस अनुदाने मिळत आली आहेत, ही गोष्ट आम्ही आनंदाने नमूद करतो. आठवड्याच्या खर्चाला कोणीतरी पैसा देऊ लागले.

परंतु चेहऱ्याचे देणे मागे उरलेच. दुसऱ्या एका वाहिनीने असाच ‘टेलेथॉन’ चालविला होता. त्याच्या विरुद्ध १९९० साली आणि पुन्हा १९९२ साली लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावरील तिच्या केंद्रासमोर अपंग स्त्रीपुरुषांनी निदर्शने केली. त्यांच्या अंगावरील सदऱ्यांवर दयेविषयी जे शब्द छापलेले होते ते या मासिकाच्या पानांत छापण्याजोगे नाहीत. आशय इतकाच की, तुमची कीव आम्हांस नको, हक्क द्या. हसऱ्या मुलांची चित्रे पाहून पैसे देणाऱ्या प्रेक्षकांस हा कृतघ्नपणा वाटला असेल. पण तो ‘लेटुस सॉर्ते मेआ’ या ब्रीदास जवळजवळ शंभर वर्षांनी मिळालेला जाब होता. १९९२ नंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही. निदर्शनांच्या दिवशी त्यांतील कित्येकांस तेथवर पोचविणारी गाडी कोणाच्या वर्गणीतून घेतलेली असेल, हा विचार आमच्या मनात येतो. आणि त्याने त्यांचा पक्ष दुबळा होतो असे आम्हांस वाटत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाने जे वळण घेतले तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९४७ साली फातेमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीच्या पोलिओच्या दुखण्यातून मार्ग काढता काढता मुंबईस पंगू मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी केली, तेव्हा त्यांसही दारोदार हिंडावे लागले. शब्दांचा प्रवासही आमच्याकडे झाला आहे: पांगळा, अपंग, विकलांग आणि आता दिव्यांग. नाव बदलले की दृष्टी बदलते असा आमचा अनुभव नाही. ‘शूर बापडे’ हेही एके काळी गौरवाचेच नाव होते. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के लोकोपयोगी कामावर खर्च करणे भाग पाडले आहे. त्या पैशाच्या पाट्या आज गावोगाव दिसतात. पाटी लावता येईल अशा वस्तूस पैसा लवकर मिळतो आणि रिक्षाच्या भाड्यास उशिरा, ही तक्रार अशा मुलांचे वर्ग चालविणाऱ्यांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकली आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा भारतात २०१६ साली झाला, त्याचे सोळावे कलम शिक्षणासंबंधी आहे. शासनाने अनुदान वा मान्यता दिलेल्या शाळांनी काय काय करावे याची त्यात यादी आहे. इमारती सुगम कराव्या, शिकविण्याची रीत मुलाच्या गरजेप्रमाणे ठेवावी, असे सांगत ती शेवटी दिव्यांग मुलांस आणण्यानेण्याच्या वाहनापाशी येते. आणि ज्यास फार आधार लागतो त्या मुलाबरोबर येणाऱ्या माणसाचीही त्या वाहनात सोय असावी, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे.